त्रेचाळीस अंश

भुईझरीच्या मँगनीज खाणीत एक कायदा पन्नास वर्षं कुठल्याही पुस्तकात न लिहिता पाळला जात होता. डोलीघरात कामाला आलेल्या माणसाने आधी आपला जेवणाचा डबा मोटरच्या पाठीवर ठेवायचा आणि मग हजेरी लावायची. डोली म्हणजे माणसांना आणि खनिजाला दोनशे वीस मीटर खाली-वर नेणारा लोखंडी पिंजरा. तिचा दोर ज्या ढोलावर गुंडाळला जाई, तो ढोल फिरवणारी ही मोटर अंगाने हत्तीएवढी आणि स्वभावाने तापट. सकाळी सहाला ठेवलेला डबा दुपारी उघडावा, तर भातातून वाफ निघे. सुरक्षा अधिकाऱ्यांनी तीन वेळा मनाईचे फलक लावले. कामगार त्या फलकांवर टॉवेल वाळत घालत.

ज्योत्स्ना निंबार्ते ही त्या खाणीतली पहिली बाई डोलीचालक. तिला डोली शिकवली डोमाजी पडोळेंनी, आणि पहिला धडा डब्याचाच दिला.

"पोरी, मोटरच्या घड्याळाचे काटे पाहात जा, त्यानं साहेब लोकायचं मन राहते," ते म्हणायचे. "पन डब्याले हात लावल्याबिगर डोली उचलू नको. डबा कोमट, तर मोटर खुश. डबा चटका देऊन राहिला, तर समज का तिले ताप चढला. तिले बसू दे घडीभर."

ज्योत्स्नाने नऊ वर्षं हा धडा गिरवला. मग प्रणयची मोटर आली आणि सगळ्यांचे डबे गार पडले.

प्रणय गभणे हा तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. नागपुरात धातुशास्त्र शिकला आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. तिथे त्याने चार-पाच जणांबरोबर एक नवी तार तयार केली. त्या तारेची वेटोळी घातलेली मोटर सगळ्यात आधी आपल्या गावच्या खाणीत बसली पाहिजे, असा हट्ट त्यानेच धरला होता. गावात मिरवायचं कुणाला नको असतं? ज्योत्स्नाही कमी मिरवली नाही.

अंगणात खाट टाकून त्याने तिला ती तार समजावून सांगितली होती. तांब्याच्या तारेतून वीज जाते, म्हणजे इलेक्ट्रॉन जातात. तार तापली की तांब्याचे अणू जागच्या जागी थरथरू लागतात आणि इलेक्ट्रॉन त्यांना आपटत, ठेचकाळत पुढे सरकतात. तुमसरच्या बाजारात दुपारी चालावं, तसं. यालाच रोध म्हणायचं. तांबं दहा अंशांनी तापलं की रोध साधारण चार टक्क्यांनी वाढतो, आणि रोध वाढला की तार आणखी तापते. आता कार्बनच्या अणूंचा एकच थर घ्या आणि तो गुंडाळून नळी करा. केसाच्या जाडीचे पन्नास हजार भाग केले, तर त्यातल्या एकाएवढी ही नळी. अशा अब्जावधी नळ्या तांब्यात मिसळायच्या आणि तार ओढताना सगळ्या लांबीच्या दिशेने निजवायच्या. मग त्या भरल्या बाजारातून बंदिस्त बोळ निघतात. बाहेर केवढीही रेटारेटी असो, इलेक्ट्रॉन आतून सुखाने निघून जातात.

"म्हणजे तार तापो की गार राहो, तिचा रोध बदलतच नाही," प्रणय म्हणाला होता. "तेवढ्याच जाडीत दीडपट वीज. कळलं?"

"बाजार कळला," ज्योत्स्ना म्हणाली. "पन माह्या डब्याचं काय?"

तो खूप हसला होता. तिच्यासमोरच्या पडद्यावर मोटरच्या आतलं तापमान दिसे, आणि ते पहिल्या दिवसापासून त्रेचाळीस अंश होतं. खनिज भरून डोली वर ओढली तरी त्रेचाळीस, रिकामी खाली सोडली तरी त्रेचाळीस. कंपनीने त्या आकड्याचं मोठं पोस्टर काढलं. खाणीचे व्यवस्थापक सबनीस साहेब पाहुण्यांना आधी तो पडदा दाखवत आणि मग चहा देत.

एकदाच ज्योत्स्नाच्या मनात पाल चुकचुकली होती. पौषातल्या एका सकाळी बाहेर दहिवर पडलं होतं, मोटर रात्रभर बंद होती, तिच्या पत्र्याला हात लावला तर बोटं गारठत होती. पडद्यावर त्रेचाळीस. तिने प्रणयला फोन केला.

"थोडा फरक राहतो गं यंत्रात," तो घाईत होता. "स्थिर आहे ना? मग झालं."

भाऊ शिकलेला, आपण बारावी. तिने पुन्हा विचारलं नाही. हे न विचारणं तिला पुढे फार लागलं.

मोटर तापतच नाही म्हटल्यावर सबनीस साहेबांनी आधी डोलीतलं खनिजाचं वजन दीडपट केलं. मग फेऱ्या वाढवल्या. आणि यंदाच्या, म्हणजे २०४१च्या एप्रिलमध्ये, मोटरला वारा घालणारा मोठा पंखा काढून दुसरीकडे नेला. गार माणसाला वारा कशाला? ज्योत्स्नासाठी काचेची, आवाज आत न येणारी, गार हवेची केबिन झाली. डबे ठेवायला भिंतीवर फळी आली. मोटरच्या अंगाला मुद्दाम हात लावायचं कारणच कुणाला उरलं नाही.

मेमधल्या त्या मंगळवारी फळी रंगवायला काढली होती, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. प्रणय आदल्या संध्याकाळीच आला होता. सकाळी तो पहिल्या पाळीच्या सव्वीस माणसांबरोबर खाली गेला. तिथल्या पंपाची मोटरही नव्या तारेची करायची, तर जागा मोजून घ्यायची होती. त्याआधी ज्योत्स्ना डोलीघरात आली आणि फळी दिसली नाही, तेव्हा हाताने आपली जुनी खोड दाखवली. डबा मोटरच्या पाठीवर गेला, आणि तो तिथे ठेवल्याचं तिच्या ध्यानातही राहिलं नाही.

दुपारी दीडला खनिजाच्या फेऱ्या थांबल्या. दोनला पाळी सुटायची, त्याआधी चार घास खायला ही वेळ बरी. ज्योत्स्ना केबिनच्या बाहेर आली. मोटरखोलीत उकडत होतं, पण वर पत्रा आणि मे महिना, त्यात नवल काय? तिने डबा उचलला आणि "आई गं!" म्हणत टाकून दिला.

झाकण घरंगळत गेलं. वरचा भात पांढरा होता आणि बुडाचा कोळसा झाला होता. लाखोळीच्या डाळीचं वरण आटून वाटीला चिकटलं होतं. क्षणभर, खरं सांगायचं तर, तिला बरंच वाटलं. दोन वर्षांनी गरम भात! पुढच्याच क्षणी तिने मोटरकडे पाहिलं.

तिने पाण्याच्या बाटलीत बोटं बुडवली आणि भाकरीआधी तव्यावर शिंपडतात तसं मोटरच्या अंगावर शिंपडलं. चुर्र झालं. थेंब टुणकन उडाले आणि नाहीसे झाले. तिने पुन्हा शिंपडलं. पुन्हा चुर्र. तवा किती तापलाय हे जिने पंचवीस वर्षं बोटांनी ओळखलं, तिला ते सांगायला पडदा लागत नव्हता. तिने काचेतून आत पाहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत त्रेचाळीस होतं.

आता तिला वासही आला. अगदी हलका, लाकडी फर्निचरला पॉलिश करतात तसा. तारेच्या वेटोळ्यांवर वार्निशचं आवरण असतं, त्याचा.

तिने सबनीस साहेबांना फोन लावला.

"साहेब, मोटर तापली आहे. फार तापली आहे. वरून पाणी टाकलं तर चुर्र होऊन राहिलं."

"मोटरवर पाणी टाकलंत? वेड लागलंय का तुम्हाला, निंबार्ते बाई?"

"माझा डबा करपला साहेब."

"आकडा किती आहे?"

"त्रेचाळीस. पण तो—"

"पण काय? तुमच्या सख्ख्या भावाने बसवलेलं यंत्र खोटं आणि तुमचा डबा खरा? उद्या पाहुण्यांना मी काय सांगू, डबा दाखवू? पाळी वर काढा, मग बघू. आणि त्या मोटरवर डबा ठेवायला बंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

फोन बंद झाला. आणि तेवढ्यात खालून घंटी वाजली. एक, दोन, तीन.

खाणीत घंटीची भाषा सगळ्यांना पाठ असते. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे डोलीत माणसं बसली आहेत, वर घे. तीन घंट्या आल्या की डोली उचलायची, हा डोलीचालकाचा धर्म. घरी मयत झालं असलं तरी आधी डोली वर आणायची आणि मग रडायचं. ज्योत्स्नाने अकरा वर्षांत तीन घंट्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

तिने डोली उचलायच्या दांड्याला हात लावला आणि काढून घेतला.

डोलीत नऊ माणसं मावत. खाली सत्तावीस होती, म्हणजे तीन फेऱ्या. आणि तिच्या डोळ्यांसमोर जे आलं ते डोलीचं नव्हतं, धुराचं होतं. डोलीची ही विहीर म्हणजे खाणीचं नाक. ताजी हवा इथून खाली ओढली जाते, सगळ्या बोगद्यांतून फिरते आणि पूर्वेच्या जुन्या उताराच्या, म्हणजे जमिनीवर निघणाऱ्या तिरप्या बोगद्याच्या, तोंडाशी बसवलेला पंखा ती बाहेर फेकतो. डोलीघर विहिरीला अगदी लागून. इथे मोटर पेटली, तर वार्निशचा काळा विषारी धूर त्याच वाटेने खाली जाईल आणि खाली जो कुणी असेल त्याला गाठेल. बोगद्यांना धूर बाहेर सोडायला खिडक्या नसतात.

खालचा फोन वाजला. प्रणयचा आवाज हसरा होता.

"ताई, तीन दिल्या ना! जेवण करून झोपलीस का? नऊ जण बसलोत आम्ही."

"प्रणू, मोटर तापली गा. डब्यातला भात करपला. बुडाचा कोळसा झाला."

"आकडा काय म्हणतो?"

"त्रेचाळीसच म्हणते."

"मग झालं तर. पत्र्याखाली डबा—"

"पाणी टाकलं तं चुर्र होते, प्रणू. तव्यावानी."

मग त्याने अगदी हळू विचारलं, "बाहेरून? मोटरच्या बाहेरच्या पत्र्यावर?"

"हो."

खाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं, ते फोनमधून ऐकू येत होतं.

"ताई, मी ही मोटर बसवली, आकडा जुळवला, त्या दिवशी बाहेर किती ऊन होतं? आठवतं तुला?"

आठवायला फार लागलं नाही. त्याच दिवशी डोमाजी काका उन्हाच्या तडाख्याने गेले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचं नाव आणि भंडाऱ्याचं तापमान एकाच बातमीत छापून आलं होतं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली, आणि तिची नजर पडद्यावरच्या त्याच आकड्यावर गेली.

प्रणय आता भरभर बोलत होता, तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. फिरत्या वेटोळ्यांत थर्मामीटर खुपसता येत नाही. म्हणून यंत्र तारेचा रोध मोजतं आणि त्यावरून तापमानाचं गणित करतं. तांबं तापलं की रोध वाढतो, रोध वाढला की आकडा वाढतो. शंभर वर्षं सगळे असंच मोजत आले. पण ही तार तापली तरी तिचा रोध वाढत नाही. तोच तर तिचा गुण! यंत्र बिचारं रोध मोजतं, तो तेवढाच असतो, आणि ते पहिल्या दिवशीचं तापमान पुन्हा पुन्हा सांगत बसतं. ताप आलेल्या माणसाला रोज पहिल्याच दिवसाचा तापाचा कागद दाखवावा, तसं.

"मी जुनंच यंत्र ठेवलं," तो म्हणाला. "तांब्याचंच गणित ठेवलं. आकडा हलत नव्हता तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो. ताई, तार काहीही सोसेल गं. पण तिच्यावरचं वार्निश नाही सोसत. बाहेर एवढी तापलीय, तर आत दोनशेच्या वर असेल. ते केव्हाही पेटेल."

"मंग सगळ्यायले डोलीतून उतरव," ज्योत्स्ना म्हणाली. "पूर्वेच्या उतारानं चालत निघा. आत्ताच्या आत्ता."

"उताराने? दीड किलोमीटर चढ आहे तो."

"हो."

"माझा पाय, ताई."

तो सात वर्षांचा असताना तिने चिंचा काढायला त्याला झाडावर चढवलं होतं. ती तेव्हा बारा वर्षांची. फांदी मोडली, पाय कायमचा अधू झाला. पुढे चार वर्षं तिने त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं. घरात कुणी तिला बोललं नाही. तिने स्वतःला मात्र एक दिवसही माफ केलं नव्हतं.

"एक फेरी," प्रणय म्हणाला. "फक्त एक. नऊ माणसांचं वजन ते काय? दोन मिनिटांत वर. बाकीचे चालत जातील. एका फेरीने काही होत नाही, मी सांगतो ना."

"कशावरून सांगतोस?"

त्याच्याजवळ आता एकही आकडा उरला नव्हता. आणि मग त्याची पुण्याची भाषा गळून पडली.

"मले भेव लागून राहिलं वं ताई. मले वर घे. अंधारात धूर येईन, मी पडीन, मले कोनी उचलनार नाही. ताई, मले वर घे वं."

ज्योत्स्नाला त्या वेळी काय वाटलं, ते लिहायला शब्द तोकडे आहेत. दांडा हाताच्या अंतरावर होता. तो ओढला की दोन मिनिटांत भाऊ समोर. कदाचित मोटर टिकलीही असती. कदाचित. पण नऊ वर आले आणि मोटर पेटली, तर अठरा माणसं त्या धुरात सापडतील. आणि डोली अर्ध्यावर असताना पेटली, तर हे नऊसुद्धा धुराच्या तोंडाशी लटकतील.

"नाही, प्रणू," ती म्हणाली.

"ताई!"

"मलेबी भेव लागून राहिलं. पन मी डोली उचलत नाही. तू बोलण्यात वेळ घालवू नको, निघ." आणि तिने फोन ठेवला.

घंटी वाजली. तीन. ती हलली नाही. पुन्हा तीन. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, नाहीतर ते आपले आपण दांड्याकडे गेले असते. पुन्हा तीन, पुन्हा तीन. कोण वाजवतंय हे तिला माहीत होतं. लहानपणी आईने आतून कडी लावली की तो अशीच कडी वाजवायचा, दार उघडेपर्यंत. ती मोठ्याने रडत होती. काचेच्या केबिनमधलं बाहेर काही ऐकू जात नव्हतं.

मग घंटी थांबली. बराच वेळ काही नाही. आणि शेवटी एकच टोला आला.

एक म्हणजे थांब. ते निघाले होते.

ज्योत्स्ना धावत बाहेर आली. विहिरीच्या तोंडाशी सुकराम मडावी बसला होता. डोलीचं फाटक उघडणारा, खाणीतला सगळ्यात जुना माणूस.

"सुकरामभाऊ, वरचं झाकण लावा."

"झाकण? बाई, खाली मानसं हायेत. त्यायची हवा बंद होईन."

"ते उतारानं निघाले. हवा उताराच्या तोंडातून मिळेल तेवढी मिळेल. इथून आता हवा नाही जाणार, धूर जाईल."

सुकरामने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. दोघांनी लोखंडी झाकणाची दोन्ही दारं ओढून लावली. दोराला जाण्यापुरती फट राहिली, तिच्यात त्यांनी ओली पोती कोंबली. ज्योत्स्नाने पुन्हा सबनीस साहेबांना फोन केला.

"पूर्वेचा पंखा बंद करा, साहेब. तो चालू राहिला तर धूर खाली ओढून घेईल."

"कसला धूर?"

ती उत्तर देणार तोच मागे सुकराम ओरडला. मोटर बंद होती, पण आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती, वारा घालणारा पंखाही नव्हता. तिच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. मग दोन. मग आत काहीतरी फटकन फुटलं आणि काळ्या धुराचा लोट पत्र्याला जाऊन भिडला.

"हा," ज्योत्स्ना म्हणाली, आणि फोन त्या बाजूला धरून तो आवाज साहेबांना ऐकवला.

पंखा बंद झाला. साहेब जीपमधून येईपर्यंत डोलीघराची दारं बाहेरून लावून झाली होती आणि आठ-दहा माणसं खिडक्यांतून वाळू मारत होती. सबनीस साहेबांची पाचावर धारण बसली होती. ते ज्योत्स्नाला काही बोलायला गेले, पण तिने त्यांच्या हातातून जीपची किल्ली घेतली. परवानगी मागायचं तिला सुचलंच नाही.

उताराचं तोंड जंगलात, मोहाच्या झाडांमध्ये. तिथे ती उभी राहिली. आतून कुबट वारा नेहमी येई, तो आज थांबला होता. आत काळोख. ती नाक वर करून वास घेत होती, पॉलिशचा वास येतोय का. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. माझ्या हाताने झाकण लावलं, माझ्या हाताने, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

पहिला दिवा दिसला. मग मागोमाग दिवे. माणसं खोकत, धापा टाकत बाहेर येऊन मातीवर पडत होती. ती मोजत होती. वीस. चोवीस. पंचवीस. मग कुणीच नाही. तिने आत पाऊल टाकलं, तेव्हा शेवटचा दिवा वर येताना दिसला. एक आडदांड गडी वाकून चढत होता आणि त्याच्या पाठुंगळी प्रणय होता.

त्या गड्याने त्याला झाडाखाली टेकवलं. प्रणयचं तोंड काळं पडलं होतं, डोळे लाल. ज्योत्स्ना जवळ बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही त्याला जवळ घेतलं नाही. सत्तावीसच्या सत्तावीस आले होते, आणि दोघांना माहीत होतं की त्याने काय मागितलं होतं आणि तिने काय दिलं नव्हतं.

"माझा फोन दे," थोड्या वेळाने तो म्हणाला. फोन सकाळी खाली जाताना त्याने तिच्याजवळ ठेवला होता.

"कोणाले लावतोस?"

"ही तार आणखी बासष्ट ठिकाणी बसवलीय, ताई. सगळीकडे तेच यंत्र."

त्याने पहिला नंबर लावला. माणूस हसला आणि आमचा आकडा एकदम मस्त आहे म्हणाला. दुसऱ्याने वरिष्ठांचं पत्र मागितलं. तिसरा नंबर होता एका डोंगरावरच्या रोपवेचा. खोल दरीवरून दोरावर पाळणे जातात, त्यांच्या मोटरखोलीचा. एका बाईने फोन घेतला.

"तापमान ना? एकोणीस आहे साहेब," ती म्हणाली. "कधीच वर जात नाही. पुण्याच्या साहेबांनी जानेवारीत बसवली, तेव्हापासून एकोणीसच."

"बाहेर आत्ता किती आहे?" प्रणयने विचारलं.

"बाहेर? अडतीस."

त्या बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. भर उन्हात चालू मोटर बाहेरच्या हवेहून निम्मी गार, आणि हे रोज पाहणाऱ्या कुणालाच वावगं वाटलं नव्हतं. प्रणयने फोन कानावरून खाली घेतला. ज्योत्स्नाने त्याच्या हातून फोन घेतला.

"बाई, मी डोली चालवते. तुमच्यावानीच मोटरवर बसते. तुमच्याजवळ प्यायचं पाणी आहे का?"

"आहे. का हो?"

"चार थेंब मोटरच्या पत्र्यावर टाका. हात लावू नका, दुरून टाका. आणि फोन तिकडे धरा."

चपलांचा आवाज आला. दार उघडल्याचा आला. मग फोनमधून, दूरवरून पण स्पष्ट, चुर्र झालं.

ती बाई पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज पार बदलला होता. "ताई, दोरावर आत्ता सहा पाळणे आहेत. भरलेले. मी आता काय करू?"

ज्योत्स्नाने प्रणयकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याने मान वर केली होती.

"सांगते," ती फोनमध्ये म्हणाली. "आधी मले एक सांगा, बाई. त्या पाळण्यांत तुमचं कोणी बसलं आहे का?"